माळ्यावरची स्नायडर आणि इतर पत्रं

दिवाळी अंकात मी माझ्या मार्टिनी-हेन्री या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलीवर लेख लिहिला, तेव्हापासून संपादक मला पत्रांची पुडकी पाठवताहेत. काहींनी फोटो पाठवले, काहींनी उपदेश. त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी खडकीत वाढले, धातुशास्त्र शिकले, नोकरीची सगळी वर्षं इंग्लंडमध्ये ओतकामाच्या कारखान्यांत काढली, आणि निवृत्तीनंतर सरे परगण्यातल्या बिस्लीच्या रेंजवर जुन्या रायफली चालवते. जुन्या म्हणजे साधारण 1866 ते 1890 या काळातल्या. त्याआधी बहुतेक बंदुकांत दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासावी लागे. 1886 मध्ये फ्रेंचांनी बिनधुराची दारू फौजेत आणली आणि पुढच्या काही वर्षांत सगळीच चित्रं पालटली. मधल्या काळातलं काडतूस धातूचं होतं, पण आत दारू तीच जुनी, सोरा-कोळसा-गंधकाची काळी. मला कळतं ते एवढ्याच कप्प्यातलं. तलवारी, पिस्तुलं, ठासणीच्या बंदुका यांबद्दल ज्यांनी विचारलं आहे त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, आमचा जुना वाडा उतरवताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लांब बंदूक सापडली. घोडा बाहेरच्या बाजूला आहे आणि नळीच्या मागच्या टोकाला एक झाकण आहे, ते उजवीकडे उघडतं. घोड्याच्या पट्टीवर मुकुट आणि 1862 असा आकडा आहे. चिंच लावून घासली तर चकाकेल का? लंडनच्या लिलावात काय किंमत येईल? (एक वाचक, वाई)

उत्तर : चिंच आमटीतच राहू द्या. घासायची तर नाहीच, पण तुमचे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. पहिला प्रश्न कायद्याचा असायला हवा होता.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही स्नायडर-एनफील्ड दिसते. 1857 साली ज्या रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला, ती 1853 च्या नमुन्याची एनफील्ड. ती ठासणीची होती. पुढे 1866 मध्ये जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाची युक्ती इंग्रज सरकारने उचलली. नळीचा मागचा भाग थोडा कापायचा आणि तिथे बिजागरीचं झाकण बसवायचं, म्हणजे त्याच जुन्या रायफलीत मागून काडतूस भरता येतं. कोठारात लाखोंनी पडलेला माल फुकट जाऊ न देण्याची ही काटकसर होती. म्हणून पट्टीवर 1862 असूनही रायफल स्नायडर असू शकते. पट्टी आधीची, झाकण नंतरचं. अनेक जण या आकड्यामुळे आपली बंदूक नकली ठरवून बसतात.

आता कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे. मात्र ते हत्यार दुरुस्ती करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे, आणि सगळी मेख इथे आहे. चांगल्या अवस्थेतली स्नायडर या अटीत बसेलच असं नाही. ती बसते की नाही हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. फोटो आणि लेखी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जा. बंदूक खांद्यावर टाकून जाऊ नका, ती आहे तिथेच राहू द्या. झाकण उघडून आत काडतूस आहे का ते बघायचा मोहही आवरा, ते काम पोलिसांच्या शस्त्रागारातल्या माणसाचं. अर्जाची पोच मागून घ्या आणि जपून ठेवा. परवान्याचा प्रश्न निघाला तर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. आणखी एक गोष्ट. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात, आणि वारशाने आलेली बंदूक त्याच दोनांत मोजली जाते. घरात आधीच कुणाच्या नावावर दोन असतील तर तेही अर्जात लिहा.

लंडनचा लिलाव विसरा. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुराणवस्तू कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर विकता येत नाही. किंमत मी सांगत नाही. एक तर फोटोवरून सांगता येत नाही, आणि दुसरं, आकडा ऐकला की लोक आधी घासायला बसतात.

रायफल ठेवायला कायदेशीर परवानगी मिळाली तर एवढंच करा. कोरड्या फडक्याने धूळ काढा, लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवा, लाकडाला जवसाचं कच्चं तेल बोटाने चोळून जास्तीचं पुसून टाका. लोखंडावरचा तपकिरी-काळा रंग दीडशे वर्षांत चढलेला असतो, आणि संग्राहक त्याच रंगाचे पैसे मोजतो. पॉलिश पेपरने तो एका दुपारीत जातो, आणि त्याच्याबरोबर मुकुट, आकडे, तपासनिसाचे बारीक ठसे असं सगळं बोथट होतं.

प्रश्न : आमचे एक पूर्वज बॉम्बे ग्रेनेडियर्समध्ये होते आणि मैवंदच्या लढाईतून जिवंत परतले, असं घरात सांगतात. त्यांच्या हातात तुमची मार्टिनीच होती ना? (ठाणे)

उत्तर : नाही. मार्टिनी शेजारच्या गोऱ्या पलटणीच्या हातात होती.

मैवंद कंदाहारच्या पश्चिमेला आहे. लढाईची तारीख 27 जुलै 1880. जनरल बरोजच्या हाताखाली पायदळाच्या तीन पलटणी होत्या: 66 वी इंग्लिश पलटण, पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि 30 वी बॉम्बे, म्हणजे जेकब्ज रायफल्स. 66 वीकडे मार्टिनी-हेन्री, उरलेल्या दोघींकडे स्नायडर. हे चुकून झालेलं नव्हतं. 1857 नंतर हिंदी शिपायाला गोऱ्या सोजिरापेक्षा एक पायरी मागचं हत्यार द्यायचं, असं धोरणच होतं. काही वर्षं तर आटे, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचा, नसलेली, गुळगुळीत नळीची एनफील्ड मुद्दाम बनवून हिंदी पलटणींना दिली. बाहेरून अगदी रायफल, आतून जुनी मस्केट. डोंगरी तोफखाने सोडले तर तोफाही हिंदी माणसाच्या हातून काढून घेतल्या होत्या. गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा आमच्या शिपायांच्या वाट्याला त्यांनी टाकलेली स्नायडर आली.

स्नायडर वाईट रायफल नाही. तिची नळी .577 इंच, म्हणजे 14.7 मिलिमीटरची, आणि जवळच्या पल्ल्यावर तिचा मार भयंकर. पण गोळी जाड आणि हळू. लांबच्या माणसावर नेम धरायचा तर अंतराचा अंदाज फार काटेकोर लागतो, कारण गोळीची कमान मोठी. काडतूस काढायची रीतही वेळखाऊ. झाकण उघडून मागे ओढायचं, मग रायफल उलटी करून रिकामं पुंगळं खाली पाडायचं. मार्टिनीत दस्त्याखालची दांडी खाली ओढली की पुंगळं बाहेर, नवं काडतूस सारा, दांडी वर, रायफल तयार. बाहेर घोडासुद्धा नाही, तो आतच आपोआप चढतो.

तरीही मैवंदचा पराभव स्नायडरमुळे झाला असं मी म्हणणार नाही. अफगाण सरदार अयूबखानाकडे माणसं आणि तोफा दोन्ही कितीतरी जास्त होत्या, आणि उघड्या मैदानात जुलैच्या उन्हात पाण्यावाचून तासन्‌तास उभं राहावं लागलं. इंग्लंडमध्ये आलात तर लंडनच्या चेल्सीतलं नॅशनल आर्मी म्युझियम आणि लीड्सचं रॉयल आर्मरीज जरूर बघा. तुमच्या पूर्वजांच्या हातात काय होतं आणि शेजारच्या पलटणीकडे काय होतं, ते तिथे नीट कळेल.

प्रश्न : मी स्लाउला राहतो. जुन्या हत्यारांच्या बाजारात एका विक्रेत्याकडे मार्टिनी-हेन्री पाहिली. नेपाळच्या राजवाड्यातून आलेली आणि झुलू युद्धात वापरलेली, असं सांगून तो चढी किंमत मागतोय. घेऊ का? घेतली तर बिस्लीला चालवता येईल?

उत्तर : राजवाडा खरा असू शकतो. झुलू युद्ध बहुतेक विक्रेत्याचं.

काठमांडूच्या लगन सिलेखान्यात राणांच्या काळापासूनची हत्यारं रचून ठेवलेली होती. 2003 मध्ये अमेरिकेतल्या दोन व्यापाऱ्यांनी मिळून तो साठा नेपाळकडून विकत घेतला. पन्नास हजारांहून जास्त बंदुका. ब्राउन बेस, ब्रन्सविक, स्नायडर, मार्टिनी, सगळ्या धुळीने आणि वाळलेल्या ग्रीसने माखलेल्या. आज बाजारात दिसणाऱ्या मार्टिन्यांपैकी पुष्कळ तिथल्याच आहेत. त्यामुळे नेपाळचं नाव ऐकून नाकही मुरडू नका आणि भारावूनही जाऊ नका.

आता रायफल हातात घ्या आणि उजव्या कुशीवरचं कोरीव वाचा. मुकुट, खाली व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, मग कारखान्याचं नाव, वर्ष आणि रोमन आकड्यात मार्क, म्हणजे सुधारित नमुन्याचा क्रमांक. दक्षिण आफ्रिकेतलं झुलू युद्ध 1879 चं. मार्क चार 1888 च्या सुमाराचा, म्हणजे झुलू युद्धानंतर नऊ वर्षांचा. मार्क चार लांबूनही ओळखता येतो, त्याची दांडी आधीच्यांपेक्षा लांब असते. नेपाळच्या साठ्यात हे मार्क चार भरपूर निघाले. तुमच्या विक्रेत्याच्या रायफलीची दांडी लांब असेल तर त्याला झुलू युद्धाचं वर्ष विचारा आणि चेहरा बघा. मार्क दोन असेल आणि वर्ष 1878 असेल तरी ती आफ्रिकेत होती हे त्यावरून ठरत नाही. साम्राज्य मोठं होतं. गोष्टीचे वेगळे पैसे हवे असतील तर त्याने कागद किंवा पलटणीचा ठसा दाखवावा.

रायफल नेपाळची नसून खैबर खिंडीतली असेल तर मात्र जपा. दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी कानशीने घासून मार्टिन्या बनवल्या, आणि अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी त्या बाजारातून ढिगाने घरी नेल्या. कारागिरी पाहून मी थक्क होते, पण त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यांनी अक्षरं चित्रासारखी उतरवली. एनफील्डच्या स्पेलिंगमधली अक्षरं उलटी किंवा गायब असतात. आणि माझी आवडती खूण: व्ही. आर. आणि खाली 1905. राणी जानेवारी 1901 मध्येच वारली होती! अशी रायफल भिंतीवर शोभते. तिच्यात काडतूस घालू नका. नळी कोणत्या लोखंडाची आहे ते बनवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. नेपाळमध्येच बनलेल्या गहेंद्र रायफलीलाही माझा हाच नियम. ती दिसते मार्टिनीसारखी, पण आतली यंत्रणा वेगळी, आणि प्रत्येक सुटा भाग हाताने घासून त्याच रायफलीपुरता बसवलेला.

चालवण्याबद्दल. मार्टिनीचं .577/450 काडतूस इथल्या सरकारच्या कालबाह्य कॅलिबरांच्या यादीत आहे, त्यामुळे शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. पण एक बार जरी उडवायचा असेल, किंवा तिच्यासाठी काडतुसं बाळगायची असतील, तर ती आधी तुमच्या फायरआर्म सर्टिफिकेटवर चढली पाहिजे. भिंतीवर टांगायची आणि शनिवारी गुपचूप रेंजवर न्यायची, ही पळवाट नाही. काळ्या दारूसाठी पोलिसांकडून वेगळं स्फोटकांचं सर्टिफिकेट लागतं आणि ती ठेवायला आत कप्पे असलेली लाकडी पेटी. हे सगळं एखाद्या क्लबात रीतसर सभासद झाल्याशिवाय जमत नाही, आणि ते बरंच आहे. क्लबातली जुनी माणसं तुमची रायफल हातात घेऊन दोन मिनिटांत जे सांगतील ते विक्रेता जन्मात सांगणार नाही.

प्रश्न : मावशी, मी कोल्हापुरात 10 मीटर एअर रायफल खेळते. तुमच्या त्या धुराच्या बंदुकीने नेम तरी लागतो का? आणि खांदा निखळत नाही का?

उत्तर : तुझं पत्र सगळ्यांत आवडलं, म्हणून उत्तर लांब देते.

खांद्याचं आधी उरकते. रायफल चार किलोच्या आसपास, गोळी 480 ग्रेन म्हणजे 31 ग्रॅम, दारू 85 ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅम. धक्का बसतो, पण आजच्या मोठ्या रायफलींसारखा चपराक मारल्यागत नाही. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट घेतला तर सहन होतो. माझं वय मी सांगत नाही, पण मला होतो.

नेम लागतो का? 26 सप्टेंबर 1874 रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर रेंजवर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. पल्ले 800, 900 आणि 1000 यार्ड. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टनच्या मागून भरायच्या. निकाल 934 विरुद्ध 931, अमेरिका तीन गुणांनी जिंकली. त्यात एका आयरिश नेमबाजाने मधोमध मारलेली एक गोळी शून्य धरली गेली, कारण ती दुसऱ्याच्या टार्गेटवर लागली होती. तू स्पर्धेत खेळतेस, त्यामुळे त्या बिचाऱ्याची रात्र कशी गेली असेल ते तुला मी सांगायला नको. ठासणीच्या रायफली काही वाईट नव्हत्या हे त्या एका गोळीवरून दिसतं. आजही अमेरिकेत याच जातीच्या रायफलींनी लोखंडी आकृत्या पाडायच्या स्पर्धा होतात: 200 मीटरवर कोंबड्या, 300 वर डुकरं, 385 वर टर्की आणि 500 वर मेंढे. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनची स्पर्धा त्यात मानाची.

पण तुझ्या खेळात आणि माझ्या खेळात मोठा फरक आहे. तुझी नळी पहिल्या गोळीला जशी असते तशीच साठाव्या गोळीला असते. माझी प्रत्येक बारानंतर बदलते. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. काही धूर होऊन उडतो, म्हणूनच तो पांढरा ढग. बाकीचा नळीत थर धरतो. हवा दमट असेल तर थर मऊ राहतो. कोरड्या उन्हाळी दिवशी तो असा कडक होतो की चौथ्या-पाचव्या गोळीला आटे सापडतच नाहीत आणि ती वाटेल तिकडे जाते. म्हणून प्रत्येक बारानंतर मी मागून एक फुंकणी लावते आणि सावकाश चार-पाच श्वास नळीत सोडते. श्वासातल्या ओलाव्याने थर नरम पडतो. किती श्वास ते हवेवर ठरतं, आणि एकदा ठरवलं की त्या दिवशी तेवढेच. काही जण फुंकणीऐवजी ओल्या फडक्याचा बोळा फिरवतात, तेही चालतं. नवखा माणूस बघून हसतो, पण गुण यातच असतात.

गोळी मऊ हवी. शिशात थोडं कथील, जुन्या लष्करी गोळीत बारा भागांना एक. मऊ का? काळी दारू एकदम पेटते, त्या हिसक्याने मऊ गोळीचा तळ फुगतो आणि आटे भरून टाकतो. कडक गोळी फुगत नाही, तिच्या कडेने गरम वायू पळतात, शिसं नळीला चिकटतं. आणि गोळीचं माप पुस्तकावरून नव्हे, नळीवरून घ्यायचं. मऊ शिशाचा गोळा नळीतून हळूच ठोकत पलीकडे काढायचा आणि तो मोजायचा. मार्टिनीला .450 म्हणतात खरं, पण माझ्या नळीला .466 इंचाची गोळी लागते. ओतकाम हा माझा धंदाच होता, म्हणून एक दटावणी: वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये. वाफ होऊन सगळं शिसं तोंडावर उडतं. उघड्यावर ओतावं, हातमोजे-चष्मा घालावा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

गोळीला वंगण मधमाश्यांच्या मेणात मेंढीची चरबी मिसळून केलेलं. शाकाहारी मंडळी चरबीऐवजी ऑलिव्हचं तेल घालतात, आणि 1857 आठवून आम्ही सगळेच त्यावर विनोद करतो. खनिज तेलाचं ग्रीस मात्र लावायचं नाही, ते काळ्या दारूच्या राखेशी मिळून चिकट डांबर होतं. काडतुसाची पुंगळी मी ब्राझीलहून येणाऱ्या 24 बोअरच्या पितळी शॉटगन पुंगळ्यांना आकार देऊन बनवते. जुनी पुंगळी पातळ पितळी पत्र्याची गुंडाळलेली असत, त्यांच्या मानाने आजच्यांत पोकळी जास्त. 85 ग्रेन दारू भरून वर जागा उरते. ती मोकळी ठेवणं धोक्याचं, दारूवर हवेची पोकळी राहता कामा नये. मी तिथे शेवरीचा कापूस दाबते. रिव्हॉल्व्हरवाले आमचे मित्र त्या जागी चक्क रवा घालतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला उपमाच आठवला.

बार उडाला की समोर ढग. गोळी कुठे लागली ते तुला दिसणारच नाही, शेजारी दुर्बीण लावून बसलेल्या जोडीदाराने सांगायचं. म्हणून हा खेळ एकटीने खेळता येत नाही. वाऱ्याचा अंदाजही दोघांनी मिळून करायचा. तुमच्या बंद हॉलमध्ये वारा नसतो, आमच्याकडे तोच निम्मा खेळ.

आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी सफाई. उरलेली राख हवेतलं पाणी ओढते, सकाळपर्यंत नळी तपकिरी होते. महाग रसायन नको, साधं पाणी आणि थोडा साबण, मग कोरडं करणं, मग तेल. पुंगळी तर मी रेंजवरच साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकते. त्या बाटलीला सडक्या अंड्याचा वास येतो. घरच्यांनी ती गाडीच्या डिकीत ठेवायची परवानगी बऱ्याच वाटाघाटींनंतर दिली आहे.

प्रश्न : ह्यूस्टनला एच-1बी व्हिसावर आहे. इथला सहकारी 1884 ची ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड विकतोय. म्हणतो, 1898 च्या आधीची आहे, कागदपत्रं काही लागत नाहीत, आणि .45-70 काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात. खरं का?

उत्तर : अर्धं खरं, आणि उरलेल्या अर्ध्यात बोटं जायची भीती.

1968 च्या संघीय कायद्याप्रमाणे 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरली जाते, तिला नेहमीचे नियम लागत नाहीत. राज्यांचे कायदे वेगळे असतात. पण काडतुसं ही अँटिक नव्हेत. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला संघीय कायद्यात बंदी आहे, आणि त्यातून सुटायची एक नेहमीची वाट म्हणजे राज्याचा शिकारीचा परवाना. सहकाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, आधी वकिलाला विचारा. तुमचा व्हिसा त्या रायफलीपेक्षा महाग आहे.

आता काडतुसं. .45-70 हे 1873 पासूनचं काडतूस आजही कारखान्यात बनतं, आणि धोका तिथेच आहे. दुकानातली काही काडतुसं आजच्या मजबूत रायफलींसाठी बिनधुराच्या दारूने ठासून भरलेली असतात. ती ट्रॅपडोअरमध्ये बसतात, आणि तिचं झाकण उडवू शकतात. नाव तेच, माप तेच, दाब भलताच. जुन्या रायफलीत मी काळ्या दारूशिवाय काही घालत नाही. बिनधुराची थोडीशी घातली तर चालते असं सांगणारे भेटतील. त्यांच्या शेजारच्या जागेवर उभे राहू नका.

प्रश्न : झुलू युद्धात इसांडलवानाच्या लढाईत इंग्रजांच्या काडतुसांच्या पेट्यांचे स्क्रू वेळेवर निघाले नाहीत म्हणून ते हरले, हे खरं का? (पुणे)

उत्तर : पेटीच्या सरकत्या झाकणाला एकच स्क्रू असे आणि दस्त्याचा एक फटका दिला की झाकण फुटे. 22 जानेवारी 1879 ला इंग्रज हरले ते फौज विखुरलेली होती आणि वीस हजारांच्या आसपास झुलू शिस्तीने चालून आले म्हणून. जिंकणाऱ्यांचं कसब मान्य करण्यापेक्षा स्क्रूला दोष देणं सोपं. तापलेल्या मार्टिनीत गुंडाळलेलं पातळ पुंगळं फाटून अडकायचं, हे मात्र खरं. 1885 मध्ये सुदानच्या वाळूत त्याचा फार त्रास झाला आणि पुढे अखंड पितळी पुंगळी आली.

प्रश्न : ज्या हत्यारांनी आपल्याला गुलाम ठेवलं ती तुम्ही तेल लावून जपता. लाज कशी वाटत नाही? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : सर, 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी घातली आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. त्या कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी मार्टिनी घेतलेले शिपाई झुलूंवर गेले. हे सगळं मला ती रायफल पुसताना माहीत असतं. पुसते तरीही. वाटल्यास त्याला माझा हट्ट म्हणा. पण त्या मार्टिनीच्या शेजारी मी स्नायडर का ठेवली आहे, ते वर ठाण्याच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आलं आहे.

प्रश्न : दापोडीला विहिरीचा गाळ काढताना एक हिरवट काडतूस मिळालं. तळाला के, एफ अशी रोमन अक्षरं आणि बाण आहे. काळ्या दारूचं आहे का? पोस्टाने पाठवू का?

उत्तर : नको, नको, नको! पाठवू नका, ठोकू नका, घासू नका, वाळवायला उन्हात ठेवू नका.

के. एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपला खडकीचा काडतूस कारखाना, 1869 पासूनचा. माझे वडील तिथेच कामाला होते, त्यामुळे ही दोन अक्षरं मी बाराखडीच्या आधी ओळखायला शिकले. काडतूस बहुधा .303 चं असेल. गंमत म्हणजे .303 सुद्धा 1888 मध्ये सुरू झालं ते काळ्या दारूवरच, पण तुमचं बऱ्याच नंतरचं असणार. ते रिकामं नसून भरलेलं असेल तर बाळगायला परवाना लागतो आणि कॅलिबर लष्करी आहे. ज्या फळीवर ठेवलं आहे तिथेच राहू द्या, मुलांना लांब ठेवा आणि आजच्या आज पोलीस ठाण्यात कळवा. पोलिसांनी ते नेण्याआधी त्यांच्या परवानगीने दोन फोटो काढून घ्या, एक तळाचा आणि एक आडव्या काडतुसाचा, शेजारी फूटपट्टी ठेवून. फोटो मात्र मला जरूर पाठवा.